डावीकडून येणारा बॉल

जळगावात कोणी विचारलं, आयुष्यभर काय केलंत, आणि मी म्हणालो की फुटबॉल खेळलो, तर समोरचा माणूस थोडा थांबतो. मग विचारतो, "ते झालं, पण नोकरी कुठे होती?" पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत मी 'खेळाचे सर' म्हणून ओळखला जातो, कारण निवृत्त होईपर्यंतची वीस-बावीस वर्षं मी एका शाळेत कवायत आणि खोखो शिकवला. त्याआधीची आठ वर्षं मी मुंबईत आणि गोव्यात क्लबांशी करार करून फुटबॉल खेळत होतो, हे आमच्या शेजाऱ्यांना अजून खरं वाटत नाही. त्यांचा दोष नाही. माझ्याकडे दाखवायला एक वाकडा उजवा गुडघा सोडला तर फारसं काही नाही.

मी सेंटर फॉरवर्ड होतो. हे काम काय असतं ते आधी सांगतो, कारण आपल्या खानदेशात क्रिकेटचं सगळं सगळ्यांना कळतं, आणि फुटबॉल म्हटलं की लोकांना फक्त धावपळ दिसते.

संघात अकरा जण असतात. त्यातले दहा जण आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून खेळतात. फॉरवर्डने समोरच्याच्या हातून चूक होण्याची वाट पाहायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, फॉरवर्ड म्हणजे बॉल घेऊन धावणारा. नव्वद मिनिटांत बॉल माझ्या पायाशी एकूण किती वेळ असेल, तर एक कप चहा उकळायला लागतो त्याहून कमी. बाकीचा वेळ मी बॉलशिवाय धावायचो. वीस वेळा धावायचं, एकोणीस वेळा बॉल येत नाही. विसावी धाव मात्र पहिलीइतकीच खरी हवी, कारण बॉल कधी येणार ते माहीत नसतं. आणि आला की विचार करायला वेळ नसतो. पाय ठरवतो, आपल्याला नंतर कळतं. चुकला तर मात्र सगळ्या मैदानाला कळतं. मागे खेळणाऱ्याची चूक दुसरा कोणी झाकतो. आमची चूक गोलपोस्टच्या वरून जाते आणि सगळे ती जाताना पाहत राहतात.

यात भर म्हणजे स्टॉपर. फॉरवर्डच्या पाठीला चिकटून राहणारा जो बचावपटू, तो स्टॉपर. भुसावळच्या एका संघात मोझेस नावाचा स्टॉपर होता. माझ्यापेक्षा वीतभर उंच, आवाज एकदम मऊ. बॉल दुसऱ्या टोकाला असला की तो मागून विचारायचा, "आई बरी आहे का तुझी?" आणि तेव्हाच त्याच्या बुटाचे खिळे माझ्या पावलावर असायचे. मी म्हणायचो, बरी आहे. "नमस्कार सांग तिला," म्हणत तो पायावरचा भार वाढवायचा. पंच पाहतोय असं दिसलं की हात पाठीवर, जसे काही आम्ही सख्खे भाऊ. मॅच संपली की मला घरी नेऊन जेवू घालायचा आणि स्वतः गरम पाण्याची बादली आणून द्यायचा, माझा पाय शेकायला. असा सज्जन शत्रू मला पुढे मुंबईतही भेटला नाही.

पण मी मोझेसच्या तावडीतून सुटून गोल करायचो, ते माझ्या एकट्याच्या बळावर नाही. ज्याच्या बळावर करायचो, त्याच्याविषयीच आज लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी धुळ्यात एका सरकारी खात्यात होतो. खेळाडू म्हणून लागलो, स्टोअरमध्ये बसायचो. खात्याचा फुटबॉल संघ होता आणि आमचे हेडक्लार्क त्याचे मॅनेजर. त्यांना सगळे नाना म्हणत. एकदा नाना पाइपलाइनच्या कामावर गेले असताना त्यांनी एका रोजंदारीवरच्या मजुराला खणलेल्या चारीवरून उडी मारताना पाहिलं. खांद्यावर घमेलं घेऊन. घमेल्यातली माती सांडली नाही, म्हणून नानांनी त्याला दुसऱ्या दिवशी मैदानावर बोलावलं. तो जामसिंग.

जामसिंग पावरा समाजातला. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. आश्रमशाळेत थोडं शिकलेला. घरी पावरी बोलायचा, आमच्यात राहून अहिराणी शिकला, आणि साहेब समोर आला की गप्प बसायचा. नानांनी त्याला डाव्या विंगला उभं केलं, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला. तिथून बॉल घेऊन कोपऱ्यापर्यंत पळायचं आणि गोलसमोर उंच टोलवायचा, हे त्याचं काम. टोलवलेला बॉल गोलमध्ये घालणं हे माझं.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे पाहत धावायचो, बॉल कुठे येतोय म्हणून. एके दिवशी सराव संपल्यावर तो जवळ आला. "तू माले देखू नको," तो म्हणाला. "तू पय. बॉल येस."

मी पळायला लागलो, आणि बॉल यायला लागला. कसा, ते मला आजही नीट सांगता येत नाही. धुळ्याचं ते मैदान मुरमाचं, पडलं की गुडघ्याची सालटी निघायची. वारा एकीकडून भणाणत यायचा. तरी त्याचा बॉल माझ्या कपाळासमोर येऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा. मला फक्त डोळे उघडे ठेवून मान पुढे न्यायची असे. तीन मोसम आम्ही असे खेळलो. पेपरात माझं नाव यायचं, कारण पेपरवाले गोल करणाऱ्याचं नाव छापतात. बॉल देणाऱ्याचं छापत नाहीत. जामसिंगला वाचता येत होतं. तो पेपर घडी करून पिशवीत ठेवायचा आणि गावी न्यायचा. त्यात त्याचं नाव नसे, पण संघाचं असे.

नानांनी त्याला कबूल केलं होतं की एक मोठी स्पर्धा जिंकू दे, मग तुला नोकरीत कायम करण्यासाठी मी साहेबांकडे जातो.

ती स्पर्धा धुळ्यातच झाली, आणि फायनलला आम्ही पोहोचलो. उन्हाळा होता, म्हणून मॅच सकाळी सातला. आम्ही दोन गोलांनी जिंकलो. दोन्ही माझे, दोन्ही जामसिंगने दिलेल्या बॉलवर. मुंबईच्या एका क्लबाचे गुप्ते नावाचे निवडकर्ते मॅच पाहायला आले होते. ते येणार हे मला नानांकडून कळलं होतं. मी जामसिंगला सांगितलं नव्हतं. त्याला दडपण नको, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मॅच संपल्यावर गुप्तेसरांनी मला मैदानामागच्या टपरीवर बोलावलं. चहा मागवला. माझ्या उंचीचं, हेडिंगचं थोडं कौतुक केलं. मग विचारलं, "तो डावीकडचा कोण रे?"

"जामसिंग."

"कुठला?"

"शिरपूरकडचा. डोंगराच्या पायथ्याचा."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "खरं सांगू का तुला? आलो होतो तुला बघायला. पण अर्धा वेळ त्यालाच बघत बसलो. आता अडचण अशी आहे की बाहेरगावचा एकच खेळाडू यंदा घ्यायचा आहे." ते थोडे पुढे झुकले. "हे लोक मुंबईत टिकतात का? होळीला गावी गेले की परत येत नाहीत म्हणतात. पितोबितो का तो?"

जामसिंग वीस पावलांवर होता. नळाखाली पाय धरून उभा. मला पाहून त्याने ओला हात वर केला.

तीन वर्षांत मी त्याला कधी प्यालेला पाहिलं नव्हतं. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला तो गावी जायचा आणि सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला, सरावाला हजर असायचा. सरावाला उशीर व्हायचा तो मला, सुट्टीत घरी गेलो की जळगावची बस चुकायची म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. ते सांगायला चार वाक्यं पुरली असती.

मी ग्लास फिरवत राहिलो. मग म्हणालो, "माणूस चांगला आहे सर. पण नेम नाही त्याचा."

एवढंच. गुप्तेसरांनी मान डोलावली, जणू हेच ऐकायचं होतं. मी खोटा आरोप केला नाही, शिवी दिली नाही. 'पितो' असंही म्हणालो नाही. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं मला म्हणता आलं की मी काहीच म्हणालो नव्हतो.

पंधरा दिवसांत मला मुंबईचं पत्र आलं. धुळ्याच्या स्टँडवर मला सोडायला जामसिंग आला. माझी ट्रंक त्यानेच बसच्या टपावर चढवली. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "तू पुढे व्हय. साहेबले मन्हं नाव सांगजो."

मी म्हणालो, सांगतो.

मुंबईची आणि गोव्याची आठ वर्षं मी इथे क्रमाने सांगत नाही. क्रमाने ती एकाच माणसाला सांगितली आहेत, ते पुढे येईलच. इथे एवढंच की ती वाईट नव्हती आणि चांगलीही नव्हती. मुंबईचा चिखल मला नवा होता. तिथे विंगर होते, माझ्याहून चांगले शिकलेले, चांगले बूट घातलेले. पण ते आधी मान वर करून पाहायचे, मग बॉल मारायचे, आणि तेवढ्यात स्टॉपर माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. पहिल्या मोसमात मी मोजके गोल केले. कोच म्हणाले, "धुळ्यात तू वेगळाच खेळत होतास म्हणे." मी म्हणालो, हवा मानवत नाही.

फॉरवर्डला गोल होत नाहीत तेव्हा काय होतं, ते सांगण्यासारखं आहे. आधी सहकारी धीर देतात. मग ते त्याविषयी बोलायचं बंद करतात. मग बॉल द्यायचं बंद करतात. कोणी ठरवून करत नाही, त्यांचे पायच तुम्हाला टाळायला लागतात. तुम्ही रिकाम्या जागेत उभे असता, हात वर करता, आणि बॉल दुसरीकडे जातो. गर्दीत इतकं एकटं मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

गोव्यात आमच्या क्लबाचा एक म्हातारा चाहता होता. मी सोपी संधी घालवली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीवर ताजे मासे घेऊन यायचा. काही बोलायचा नाही, मासे देऊन जायचा. गोल केला त्या आठवड्यात यायचा नाही. मी एकदा कारण विचारलं. तो म्हणाला, "गोल केला तो माणूस खूश असतो, त्याला मासे कशाला?" पिंप्राळ्याच्या शाकाहारी घरातला मी, त्या दोन मोसमांत मासे खायला चांगलाच शिकलो.

गुडघा गोव्यातच गेला. सुई टोचून खेळवलं, मीही खेळलो, कारण बाकावर बसलो असतो तर करार पुढे वाढला नसता. सुई टोचल्यावर दुखत नाही. आपल्याला वाटतं बरं झालं. खरं म्हणजे आत जे फाटत असतं ते फाटतच असतं, फक्त कळत नाही. नंतर परत मुंबईला वेगळ्या, लहान क्लबात दोन मोसम. मग संपलं. मी जळगावला आलो, शाळेत लागलो, लग्न केलं.

या सगळ्या काळात जामसिंगचं नाव मी कुणापुढे काढलं नाही. मी गेल्यावर दोन वर्षांत खात्याचा संघ बंद पडला हे कानावर आलं होतं. त्यापुढचं मी विचारलं नाही. आमच्या शाळेचे संघ धुळ्याला स्पर्धेला जायचे तेव्हा मी दुसऱ्या सरांना पाठवायचो. सगळ्यांना वाटायचं, गुडघ्यामुळे प्रवास टाळतात.

निवृत्तीनंतरच्या वर्षी दोंडाईच्याला एका लग्नाला जावं लागलं. मंडपात मागच्या खुर्चीवर एक फार म्हातारे गृहस्थ बसले होते. ते नाना होते. मुलाकडे दोंडाईच्यालाच राहत होते. मला ओळखलं, जवळ बसवलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मुरली, एक गोष्ट मला आजवर कळली नाही. त्या मुंबईवाल्यांनी जामसिंगला कसं काय सोडलं रे? तू गेल्यावर दोन वर्षं दर सोमवारी तो माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. नाना, मुंबईचं पत्र आलं का? मी म्हणायचो, येईल. मग संघ मोडला, त्याची रोजंदारी गेली. कायम करायचं कबूल केलं होतं, पण मीही काही करू शकलो नाही."

"आता कुठे आहे?" मी विचारलं.

"गावीच. वर्षातले काही महिने रावेरला केळीच्या कामाला जायचा. आता तेही होत नाही त्याच्याने."

जेवण न करताच मी निघालो. घरी येऊन शैलाला, माझ्या बायकोला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने वाढायला घेतलेलं ताट बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना जाऊन सांगा."

चार दिवसांनी गेलो. शिरपूरपर्यंत बस, पुढे एका ओळखीच्याची मोटारसायकल. ज्वारीची कापणी झालेली होती. जामसिंगचं घर कुडाच्या भिंतींचं, अंगण शेणाने सारवलेलं. तो खाटेवर बसून दोरी वळत होता. खांद्यावरून केळीचे घड वाहून वाहून त्याची मान एका अंगाला झुकली होती. त्या झुकलेल्या मानेनेच त्याने वर पाहिलं, आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाला, "मुरली."

त्याची मुलगी सुनीता तिथेच होती. शिरपूरच्या दवाखान्यात नर्स आहे, सुट्टीला आली होती. तिने चहा केला. जामसिंग तिला सांगत होता, "हाऊ मुरली. माझ्या बॉलवर याचं डोकं असायचं." तो मराठी आणि अहिराणी मिसळून बोलत होता. मला पाहून त्याला आनंद झाला होता. तो आनंद पाहून मला वाटलं, उठावं आणि काही न बोलता जावं. तेव्हा तसं केलं असतं तर बरं झालं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी सांगितलं. गुप्तेसर आले होते हे, त्यांना आधी तो आवडला होता हे, त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं. माफ कर, म्हणालो. हात जोडले.

तो रागावेल अशी माझी तयारी होती. उठून मारलं असतं तरी मी बसून राहिलो असतो. एखादे वेळी तो म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट झाली, अशीही आशा होती. जळगावपासून शिरपूरपर्यंत मी हेच दोन पर्याय घोळवत आलो होतो.

त्याने दोरी खाली ठेवली.

"तीस वरीस मी मनले सांगं," तो सावकाश म्हणाला, "जामसिंग, तू कमी पडना. त्यांनी देखं, तू कमी पडना. ते पटेल व्हतं माले." दोरीकडे पाहत म्हणाला, "आते तू सांगस, मी कमी नव्हतू. आते मी काय करू?"

आपण कमी पडलो, हे त्याने मनाशी मान्य करून टाकलं होतं. त्यावर त्याने घर बांधलं, मुलगी शिकवली, घड वाहिले. मी येऊन ते काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी माझं मन मोकळं करायला गेलो होतो. त्याच्या मनाचं काय होईल याचा विचार मी तीस वर्षांपूर्वी केला नव्हता आणि त्या दिवशीही केला नव्हता.

सुनीता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. ती शिकलेली, नीट बोलणारी मुलगी. म्हणाली, "काका, तुम्ही पत्र लिहिलं असतं तर मी आधी वाचलं असतं. आणि दाखवलं नसतं त्यांना."

पावसाळा गेला. मी शैलाला म्हणालो, आता तिकडे परत जायचं नाही, आणखी त्रास नको. तिने मान डोलावली. मग दिवाळीच्या आधी सुनीताचा फोन आला.

"बाबा जेवत नाहीत नीट. दिवसभर विचारत बसतात. मुंबईचं मैदान केवढं असतं, रोज सराव असतो का, राहायला कुठे देतात. मला काय माहीत? तुम्ही या."

"ते भेटतील मला?"

"त्यांनीच बोलवायला सांगितलंय. आणि काका, या वेळी माफीबिफी काही मागू नका."

मी गेलो. जामसिंग अंगणातच होता. त्याने दुसरी खाट समोर टाकून ठेवली होती. नमस्कार नाही, विचारपूस नाही. मी बसल्यावर म्हणाला, "आते सांग. बठ्ठं सांग. बसमधून उतरला तठून."

आणि मी सगळं सांगायला लागलो. दादरला उतरलो ते, क्लबाची खोली, सकाळचा सराव, पहिली मॅच. त्याला गोल किती झाले यात रस नव्हता. विचारायचा ते वेगळंच. डाव्या विंगला कोण होता? बूट कसले होते? पावसात बॉल जड व्हायचा का? कोच ओरडायचा का? मी एखादी हरलेली मॅच उडवून पुढे जाऊ लागलो की हात वर करायचा, आणि मला मागे जावं लागायचं. मी कुणालाही कधी इतकं खरं सांगितलेलं नाही. शैलालाही नाही. थाप मारायची सोय नव्हती. कोणता बॉल कुठून आला तर काय होतं, हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं.

एका दिवसात ते झालं नाही. त्या थंडीत मी महिन्यातून एकदा जायचो, सकाळी पोहोचायचो, दुपारी निघायचो. तो ऐकताना डोळे मिटायचा. कधी कधी त्याचा डावा पाय खाटेखाली किंचित हलायचा. एकदा सुनीता त्या पायाकडे पाहून आत गेली. मला कळलं की तो माझी आठ वर्षं ऐकत नव्हता. तो ती स्वतः खेळत होता.

पाचव्या खेपेला मी शेवटच्या मोसमाशी आलो. मुंबईचा तो लहान क्लब, गुडघ्याला पट्टा, मैदानात पाणी साचलेलं. शेवटची दहा मिनिटं उरली होती. ती मॅच हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार होता. डावीकडून बॉल आला, समोर गोलकीपर पडलेला, अख्खं गोल मोकळं. मी बॉल गोलच्या वरून मारला.

"बॉल वर उना का खाले?" जामसिंगने डोळे न उघडता विचारलं.

"खालून. जोरात."

"तुन्हा कोनता पाय?"

"डावा."

त्याने नकारार्थी मान हलवली. "डावा पाय तुन्हा कधीच चांगला नव्हता. मी असतू तं वर देतू. हळू. डोक्यावर."

आठ वर्षांत चार कोच झाले. माझ्या खेळाविषयी इतकी साधी गोष्ट त्यांतल्या कोणी सांगितली नव्हती.

"मंग?" तो म्हणाला. "पुढली मॅच सांग."

मी सांगितलं की पुढची मॅच नाही. ती शेवटची होती. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही आणि मी जळगावला निघून आलो.

त्याने डोळे उघडले. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग माझ्याकडे वळला.

"इतलंच व्हतं?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "इतकंच."